तीनचाकी अंगणात, बाई घरात

आपल्याकडे अपंगांच्या साधनांचा हिशोब नगावर चालतो. इतक्या तीनचाकी सायकली, इतक्या कुबड्या, इतके कॅलिपर, इतकी श्रवणयंत्रं. तालुक्याच्या गावी मांडव पडतो, पुढाऱ्यांच्या हस्ते वाटप होतं, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. नव्या कोऱ्या सायकलींची रांग, त्यांवर बसलेली माणसं आणि मागे उभे राहिलेले मान्यवर. मैत्रिणींनो, पुढच्या वेळी असा फोटो हातात आला की सायकलीवर बसलेल्यांत बायका किती, ते मोजा. आणि सहा महिन्यांनी त्याच गावांत जाऊन पाहा, ज्या बायकांना साधन मिळालं त्यांपैकी किती जणी ते वापरतात. हा दुसरा हिशोब सरकारी अहवालात क्वचितच सापडतो.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत अपंग बायकांबरोबर काम करताना मला हा दुसरा हिशोबच जास्त दिसतो. तीनचाकी अंगणात उभी असते. तिच्यावर ज्वारीचं पोतं नाहीतर गुरांचा चारा ठेवलेला असतो. कधी धाकटा दीर तिच्यावरून पाण्याचे हंडे आणतो. जिच्या नावावर सायकल आहे ती बाई मात्र घरात, जमिनीवर सरकत सरकत स्वयंपाक करत असते. पारोळा तालुक्यातल्या एका बाईने हे सगळं एका वाक्यात सांगितलं, “ताई, गाडी बाहेर ऱ्हास, मी मझार ऱ्हास.” गाडी बाहेर राहते, मी आत राहते.

सध्या ‘परवडणारं तंत्रज्ञान’ हा शब्द फार ऐकू येतो. मोठमोठ्या तंत्रशिक्षण संस्था, सरकारी खाती, दानशूर मंडळी, सगळ्यांच्या तोंडी तो आहे. साधनं स्वस्त झालीच पाहिजेत, याबद्दल वाद नाही. पण कोणाला परवडणारं आणि कशासाठी वापरायचं, हे प्रश्न विचारल्याशिवाय ‘स्वस्त’ या शब्दाला काही अर्थ नाही. साधनाच्या आराखड्यात बाईचा दिवस धरलेलाच नसेल, तर ते फुकट मिळूनही तिला महाग पडतं.

बायका कुठे गेल्या?

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांत १ कोटी १८ लाख बायका होत्या, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस. हाही आकडा कमीच असणार. गणनेला माणूस दारात येतो तेव्हा उत्तर बहुधा घरचा पुरुष देतो. लग्नाच्या वयाच्या मुलीचं अपंगत्व सरकारी कागदावर लिहून द्यायला किती घरं तयार असतात? आणि सासूबाईंचे दुखरे गुडघे, गेलेली नजर, ऐकू न येणारे कान यांना अपंगत्व म्हणतंय कोण? ते ‘वयाप्रमाणे’ असतं!

म्हाताऱ्या बायकांचंच पाहू. त्याच जनगणनेत साठीच्या पुढच्या माणसांची संख्या १० कोटींच्या वर होती, आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. २०१७ साली केंद्र सरकारने दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रं, चष्मे, व्हीलचेअर देण्यासाठी ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ आणली. तिच्या नियमांत लिहिलं आहे की प्रत्येक जिल्ह्यात शक्यतो ३० टक्के लाभार्थी महिला असाव्यात. ज्या वयोगटात बायका निम्म्याहून जास्त, तिथे उद्दिष्ट तीस टक्क्यांचं, आणि तेही ‘शक्यतो’! राज्य सरकारने २०२४ साली ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ काढली. पासष्टी ओलांडलेल्यांना साधनं घेण्यासाठी बँकेच्या खात्यात एकरकमी ३,००० रुपये. खातं आईच्या नावावर असतं हे खरं, पण पासबुक कोणाच्या कपाटात असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

कायदा काय म्हणतो? १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात बायकांसाठी स्वतंत्र कलमच नव्हतं. संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करारनामा भारताने २००७ साली मान्य केला. त्यातलं सहावं कलम अपंग स्त्रियांबद्दल आहे, आणि परवडणाऱ्या दरातल्या साधनांसाठी संशोधन करणं हे सरकारचं कर्तव्य आहे असंही करारात स्पष्ट म्हटलं आहे. त्याला धरून आपल्याकडे २०१६चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमानुसार अपंग स्त्रियांना आणि मुलांना इतरांच्या बरोबरीने हक्क मिळतील अशी पावलं सरकारने आणि स्थानिक संस्थांनी उचलायची आहेत. विशिष्ट उत्पन्नमर्यादेच्या आतल्या अपंगांना साधनं मोफत द्यावीत, हेही त्यात आहे. म्हणजे साधन हा उपकार नाही, तो हक्क आहे. शब्दही बदलले. २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला, २०२२ साली राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. नाव दिव्य झालं. संडासाचं दार तेवढंच अरुंद राहिलं.

साधन कोणाच्या दिवसासाठी?

जयपूर फूटचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. तो कसा तयार झाला ते मुद्दाम सांगण्यासारखं आहे. १९६८च्या सुमाराला जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून तो घडवला. त्याआधी मिळणारा कृत्रिम पाय पाश्चात्त्य माणसाच्या सवयींवर बेतलेला होता. बूट घालून, सपाट फरशीवर चालणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी. आपला शेतकरी तो पाय घरी नेऊन खुंटीला टांगून ठेवत असे, कारण तो लावून उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, चिखलात जाता येत नव्हतं. शर्मा आणि सेठींनी माणूस कसा बसतो, कुठे चालतो, काय काम करतो ते पाहिलं, आणि रबराचा, अनवाणी चालेल असा, घोट्यात वळणारा पाय केला. तो स्वस्तही झाला. पुढे १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो हजारो लोकांना मोफत बसवून दिला.

यातला धडा एवढाच, की आधी माणसाचा दिवस पाहिला म्हणून साधन उपयोगी पडलं. मग हाच न्याय बाईला का नाही? बाईचा दिवस पाहून तीनचाकी कोणी केली?

तीनचाकी सायकल नीट पाहा. एका हाताने फिरवायचा दांडा, शेजारून जाणारी साखळी, उंच बैठक, समोर पाय ठेवायची फळी. ही गाडी आहे चौकात, बाजारात, कचेरीत जाणाऱ्या माणसासाठी. तो पँट किंवा पायजमा घालतो. त्याला घरातून कोणीतरी उचलून बसवून देतं आणि त्यात त्याला संकोच नसतो. आता जिचे दोन्ही पाय पोलिओने गेले आहेत अशा बाईचा विचार करा. ती जमिनीवर सरकत येते. तेवढ्या उंचीवर चढायचं तर कोणीतरी उचललं पाहिजे. भर गल्लीत कोण उचलणार? सासरा? दीर? लुगड्याच्या निऱ्या साखळीत अडकतात, पदर चाकात जातो. कडेवरचं मूल कुठे ठेवायचं याला जागा नाही. एक हात दांड्यावर असताना हंडा कसा धरायचा याचाही विचार नाही. आणि समजा ती चढली, बसली, निघाली, तर जायचं कुठे? तिचं काम चुलीपाशी, मोरीपाशी, गोठ्यात, शेतात आहे. तिथे ही गाडी जात नाही.

कुबड्यांचं तेच. कुबडी दोन्ही हात अडकवून ठेवते. बाईचं तर प्रत्येक काम दोन हातांचं. कापूस वेचायचा तर कमरेला ओटी बांधून दोन्ही हात मोकळे लागतात. भाकरी थापायला दोन हात, धुणं पिळायला दोन हात. एका कुबडीवर भागवणारी बाई दुसऱ्या हाताने पाण्याची कळशी नेते आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात घसरते.

हाताचं तर विचारूच नका. मळणीयंत्रात, कडबा कापायच्या यंत्रात हात गेलेल्या बायका आपल्या भागात आहेत. धोकादायक यंत्रांचं नियमन करणारा कायदा १९८३ साली आला आणि त्यात मळणीयंत्रांवर संरक्षक व्यवस्था सक्तीची झाली. तरी खळ्यावर ती व्यवस्था कितीदा दिसते? अशा बाईला काय मिळतं? शोभेचा हात. गोरा, गुळगुळीत, रबरी पंजा. लांबून पाहिलं तर हात असल्यासारखं वाटतं, म्हणजे लोकांनी पाहू नये एवढ्यापुरती सोय झाली. त्या पंजाने विळा धरता येत नाही, पीठ मळता येत नाही, लेकराची वेणी घालता येत नाही. पुरुषाला हात देताना ‘काम काय करतोस?’ असं विचारतात. बाईला मात्र ‘दिसेल कसं?’ याच्याच काळजीने हात दिला जातो. तिच्या श्रमाला काम म्हणायचंच नाही, ही आपली जुनी खोड इथे रबरात ओतून दिसते!

किंमत नक्की किती?

तंत्रज्ञांनी साधनांच्या किमती खाली आणल्या, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. मद्रासच्या आयआयटीने २०१९ साली बसलेल्या माणसाला उभं करणारी ‘अराइज’ ही व्हीलचेअर आणली, सुमारे १५,००० रुपयांत. परदेशी खुर्चीच्या मानाने ती फारच स्वस्त. पण कापूस वेचणाऱ्या बाईला एवढी रक्कम बाजूला टाकायला किती हंगाम लागतील? त्यात २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा व्हीलचेअर आणि ब्रेल साधनांवरही ५ टक्के कर लावला गेला. चालण्यावर कर कशाला, असं अपंगांच्या संघटनांनी तेव्हाच विचारलं होतं.

जिथे साधन फुकट मिळतं तिथेही बाई किंमत मोजतेच. केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ सालापासून चालू आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यात, अॅलिम्कोत, साधनं बनतात आणि शिबिरांतून वाटली जातात. पण त्याआधी प्रमाणपत्र हवं, त्यासाठी जळगावला नाहीतर धुळ्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात जायला हवं. साक्रीच्या पश्चिमेकडच्या पाड्यावरून किंवा चोपड्याच्या सातपुड्याकडच्या वस्तीवरून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे काय, ते नकाशा पाहून कळणार नाही. पुरुष एकटा जातो. बाईबरोबर कोणीतरी लागतं, म्हणजे दोन माणसांचं भाडं आणि दोन माणसांची बुडालेली मजुरी. एक खेप तपासणीची, दुसरी मापाची, तिसरी वाटपाची. घरात विचार होतो, “हिच्यावर एवढा खर्च कशाला? ही काय कमावून आणणार आहे?” अन् तिचं नाव यादीतून घरच्या घरीच कापलं जातं.

पुढचा खर्च दुरुस्तीचा. कुबडीच्या टोकाचं रबरी बूच झिजतं. एवढीशी वस्तू, पण ती झिजली की ओल्या फरशीवर बाई पडते. कॅलिपरचा चामड्याचा पट्टा तुटतो, बूट फाटतो, सायकलची ट्यूब जाते. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. चांगलं झालं. पण रोग गेला म्हणून रोगाने अधू केलेली पिढी गेली नाही. त्या मुली आज चाळिशी-पन्नाशीच्या बायका आहेत. लहानपणी मिळालेला कॅलिपर कधीच आखूड झाला, आणि नवा घेण्याआधी मुलाची फी आली, पेरणी आली.

म्हणून साधन परवडतं की नाही हे ठरवण्याची माझी कसोटी साधी आहे. ते आठवडेबाजारातल्या सायकल दुकानात दुरुस्त होतं का? होत असेल तर ते स्वस्त. १९८० साली राल्फ हॉचकिस हा स्वतः व्हीलचेअर वापरणारा अमेरिकन इंजिनियर निकाराग्वात गेला. तिथल्या अपंग तरुणांनी एकच खुर्ची पुन्हा पुन्हा दुरुस्त करून आळीपाळीने वापरात ठेवली होती. त्यांच्याकडून शिकून त्याने गावातल्या लोहाराकडे, तिथेच मिळणाऱ्या नळ्यांतून आणि सुट्या भागांतून बनेल, खडबडीत रस्त्यावर चालेल अशी खुर्ची तयार केली आणि तिचे आराखडे देशोदेशीच्या छोट्या कार्यशाळांना दिले. आपल्या दवाखान्यांतली घडीची खुर्ची पाहा. पुढची चाकं इतकी लहान, की अंगणातल्या मातीतच रुततात.

कुबडी काढून घेणं ही हिंसाच

आता आपल्या म्हणजे स्त्री-संघटनांच्या दारातली गोष्ट. अपंगांचा प्रश्न समाजकल्याण खात्याचा आणि बायकांचा प्रश्न आपला, अशी एक वाटणी नकळत होऊन बसली आहे. अपंग पुरुषांच्या संघटना आरक्षणाबद्दल, स्टॉलबद्दल, बसच्या सवलतीबद्दल बोलतात. स्त्री-संघटना मारहाणीबद्दल, हुंड्याबद्दल, पोटगीबद्दल बोलतात. अपंग बाई या दोन्हींच्या मध्ये पडते.

पण साधन आणि हिंसा यांचा संबंध सरळ आहे. भांडण झालं की नवरा कुबडी उचलून माळ्यावर टाकतो. व्हीलचेअर बाहेर नेऊन ठेवतात. श्रवणयंत्राचे सेल आणून देत नाहीत. मारल्याचा वळ दिसतो, ही शिक्षा दिसत नाही. कुबडी काढून घेतलेली बाई संडासला जाऊ शकत नाही, शेजारणीकडे जाऊ शकत नाही, पोलिसांकडे जाणं तर दूरच. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळाच्या व्याख्येत स्पष्ट म्हटलं आहे की ज्या साधनसामग्रीवर वा सोयीवर बाईचा हक्क आहे तिच्यापासून तिला रोखणं हा छळ आहे. मग कुबडी, खुर्ची, काठी, श्रवणयंत्र हिरावून घेणं हे त्या व्याख्येत बसतं, असं आपण संरक्षण अधिकाऱ्यांपुढे आणि न्यायालयापुढे ठामपणे मांडलं पाहिजे. आपल्या सल्ला केंद्रात बाई आली की ‘दागिने कोणाकडे आहेत?’ हे आपण विचारतो. ‘तुमचं साधन कोणाकडे आहे?’ हेही विचारायला हवं.

आणखी एक बाई या चित्रात आहे, जी कोणत्याही यादीत नाही. अपंग मुलाला, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला, लकवा झालेल्या नवऱ्याला उचलणारी, धुणारी, कुशीवर वळवणारी बाई. आईला उचलायला घरी राहायचं म्हणून सातवीतून शाळा सोडलेली मुलगीही त्यातच आली. चांगलं साधन दोघींना सोडवतं. बिछान्यातून खुर्चीत सरकवणारी एक गुळगुळीत फळी, भिंतीत बसवलेला एक गज, यांनी त्या मुलीची पाठ आणि शाळा दोन्ही वाचू शकतात. पण तिची पाठ फुकट धरलेली असते, म्हणून फळी महाग वाटते.

सगळ्यात जास्त लाजेचा विषय संडासचा, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही. २०१४नंतर गावोगाव शौचालयं बांधली गेली, २०१९ साली देश हागणदारीमुक्त जाहीर झाला. त्या खोलीत खुर्ची शिरत नाही, उकिडवं बसायला आधार नाही, आणि पायरी ओलांडायला उतार नाही. नियमाप्रमाणे एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. अपंग बाई काय करते? दिवसभर पाणी पीत नाही. अंधाराची वाट पाहते. पाळीच्या दिवसांत जेवणही तोडते. मधोमध भोक पाडलेला एक मजबूत स्टूल आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे, एवढ्यावर हे थांबू शकतं. एवढं साधं साधन शिबिराच्या मांडवात मात्र अभावानेच दिसतं. उघडच आहे, स्टुलाबरोबर फोटो काढून घ्यायला कोण उभं राहील?

खानदेशात काय कमी आहे?

जळगाव पीव्हीसी पाइप आणि ठिबक सिंचनासाठी देशात ओळखलं जातं. प्लॅस्टिकच्या चटया इथे बनतात. वेल्डिंगची दुकानं प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत, जिथे नांगर, वखर, बैलगाडीचे धुरे दुरुस्त होतात. जळगाव, बांभोरी, भुसावळ, फैजपूर, शिरपूर, धुळे इथे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. आयटीआय आहेत. धुळ्याला आणि जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शेतात-घरात राबताना ओव्या रचणाऱ्या बहिणाबाईंचं नाव ज्याला २०१८ साली दिलं, ते विद्यापीठ आहे.

म्हणजे सामान आहे, हात आहेत, डोकी आहेत. नाही ती फक्त ओळख. शेवटच्या वर्षाची मुलं सेन्सरची काठी, आवाजावर चालणारी खुर्ची असे प्रकल्प करतात, प्रदर्शनात मांडतात, गुण घेतात, अन् ते कपाटात जातं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही, की पलीकडच्या गावात एका बाईला भोक पाडलेला स्टूल हवा आहे, भाकरी थापताना टेकायला तिरकी बैठक हवी आहे, गुडघ्यावर सरकताना कातडी सोलू नये म्हणून टायरच्या रबराचे जोड हवे आहेत, चुलीपाशी फिरेल असा चार चाकांचा बसका पाट हवा आहे. पाइप कापून चौकट करणं या मुलांच्या हातचा मळ आहे.

बनवणाऱ्यांत बायका हव्यात, हे तर त्याहून महत्त्वाचं. कॅलिपर, कृत्रिम पाय यांचं माप घ्यायचं तर मांडीपर्यंत हात लावावा लागतो. माप घेणारा पुरुष आहे म्हणून अर्ध्यावरून परत गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. घाईने, कपड्यावरून घेतलेलं माप चुकतं, साधन बोचतं, जखम होते, आणि शेवटी ते खुंटीला जातं. बेंगळुरूच्या ‘मोबिलिटी इंडिया’ या संस्थेने अपंग बायकांनाच हे तंत्र शिकवलं. तिथे अपंग बायकांनी चालवलेली साधनांची कार्यशाळा उभी राहिली. बेंगळुरूला जमलं ते धुळ्याला का जमू नये?

नेहमीचे आक्षेप

पहिला आक्षेप: “आधी काहीतरी मिळू द्या, बाईचं वेगळं नंतर बघू.” जगातल्या २५० कोटींहून अधिक माणसांना कोणतं ना कोणतं सहायक साधन लागतं, आणि जवळपास १०० कोटींना ते मिळत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२च्या अहवालात म्हटलं आहे. टंचाई मोठी आहे, मान्य. पण टंचाईत ‘आधी’ कोण आणि ‘नंतर’ कोण, हे बायकांना जेवणाच्या पंगतीपासून ठाऊक आहे. नंतर वाढायला घेतलं की पातेल्यात काय उरतं तेही ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप: “बायकांकडून मागणीच येत नाही.” कशी येणार? मागणी करायला तहसीलपर्यंत यावं लागतं, आणि तिथवर येण्यासाठीच तर साधन हवं आहे!

तिसरा आक्षेप: “प्रत्येकीसाठी वेगळं करायचं म्हणजे महाग पडेल.” ठिबकची नळी टाकताना आपला केळीचा शेतकरी काय करतो? नळीसाठी शेताचा उतार बदलतो का? शेताची मोजणी होते, उतार, पाणी, झाडांतलं अंतर पाहिलं जातं आणि नळी शेताप्रमाणे टाकली जाते. त्याला कोणी महाग म्हणत नाही. ते शहाणपणाचं मानलं जातं. केळीच्या बागेला जेवढा मान आहे, तेवढाच बाईच्या शरीराला द्या, एवढंच मागणं आहे.

आपण काय मागायचं?

१. साधनं ठरवण्याआधी बाईच्या घरी जाऊन तिचा दिवस पाहिला पाहिजे. चूल, मोरी, संडास, गोठा, शेत यांसाठीची साधनं सरकारी यादीत आली पाहिजेत.

२. वाटपाचे आकडे स्त्री-पुरुष वेगळे जाहीर करावेत, आणि सहा महिन्यांनी साधन वापरात आहे का याची पाहणी करून तेही जाहीर करावं. वृद्धांच्या योजनेतली ३० टक्क्यांची अट बदलून बायकांच्या संख्येप्रमाणे वाटा ठरवावा.

३. प्रत्येक तालुक्याच्या गावी दुरुस्तीचं एक ठिकाण हवं. तिथे बूच, पट्टे, ट्यूब, श्रवणयंत्राचे सेल मिळावेत.

४. माप घेण्यासाठी स्त्री-तंत्रज्ञ आणि आडोसा असल्याशिवाय शिबिर होता कामा नये. तपासणी, माप आणि वाटप यांसाठी बाईला आणि तिच्या सोबतिणीला प्रवासखर्च मिळावा.

५. आयटीआयमध्ये अपंग मुलींसाठी साधनं बनवण्याचं आणि दुरुस्तीचं प्रशिक्षण सुरू करावं.

६. ग्रामपंचायतींपासून जिल्हा परिषदेपर्यंत आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा, असा शासनाचा आदेश आहे. येत्या ग्रामसभेत उठून विचारा, हा निधी किती जमला, कशावर खर्च झाला आणि त्यातला बायकांपर्यंत किती आला. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.

मैत्रिणींनो, १९७०च्या दशकात याच खानदेशात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात, आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली होती. नवऱ्याचं पिणं आणि मारणं ही ‘घरातली बाब’ आहे असं तोवर सगळे म्हणत होते. बायकांनी ती बाब चव्हाट्यावर आणली. आज अपंग बाईचं सरकत जगणं, तहान मारणं, अंधाराची वाट पाहणं हीसुद्धा ‘घरातली बाब’ म्हणून झाकली जाते आहे. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न हा घ्या: आपल्या गल्लीत अशी कोण आहे, जी आजवर एकाही बैठकीला आलेली नाही? मग बैठक तिच्या ओट्यावर भरवा.